न वितळणारा बर्फ

"एवढं तिकीट घेतात, आणि तो उतार आजही बंदच!" एक बाई नवऱ्याजवळ कुरकुरली.

हेमांगीने ते ऐकलं. उपनगरातल्या या टेकडीवर न वितळणारा बर्फ अंथरून तिने आणि मुकुंदरावांनी स्कीइंग सुरू केलं होतं. रोज संध्याकाळी मुकुंदराव यंत्राने सगळे उतार सपाट करत, दोरी बांधलेला तेवढा सोडून. त्यावर त्यांच्या लेकीच्या, अवनीच्या, शेवटच्या घसरणीच्या दोन रेघा होत्या. खरा बर्फ केव्हाच वितळून मोकळा झाला असता.

आता तिथे माणसांना टेकडीवर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्याचे खांब यायचे होते. हेमांगी दोरी सोडू लागली.

"अगं, राहू दे," मुकुंदराव म्हणाले. "आल्यावर चिडेल ती."

"अहो," हेमांगी म्हणाली, "आपली अवनी गेली."