हात तिचाच हाय

शेजारच्या होस्टेलात एका पोरीला घटसर्प झाला, म्हणून सिस्टर लस घेऊन लातूरच्या ट्यूशन एरियात खोलीखोली फिरत होत्या. लेकीच्या नीटसाठी भोकरहून येऊन इथं खोली करून राहिलेल्या देविकाच्या आईनं त्यांना दारातच अडवलं.

"हात दुखंल, ताप येईल. परवा टेस्ट हाय तिची!"

"डाव्या हाताला टोचते की, ताई."

"डावा काय न् उजवा काय, हात तिचाच हाय ना? फुकटची लस नको आम्हाला. डॉक्टर व्हायलीय माझी पोरगी!"

संध्याकाळी चौकातल्या दवाखान्यात, बाकीच्या आयांच्या रांगेत ताटकळून नंबर लागल्यावर, आईनंच देविकाची बाही वर केली.

 

"डॉक्टरसाहेब, ते स्मरणशक्तीचं इंजेक्शन डाव्याच हाताला द्या, उजव्यानं तिला टेस्ट सोडवायची हाय."