अजून एक टेक

“कट!” बाबांनी कपाळाला हात लावला. “अगं, हसतेस काय? तू कंटाळलेली आहेस. सकाळपासून घरात एकटी आहेस. कुणी तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीये.”

“बघताय की,” सात वर्षांची पोरगी म्हणाली. खरंच, खोलीतले चौघेही तिच्याकडेच बघत होते.

बाबा दिग्दर्शक, आई लेखिका. त्यांच्या लघुपटाचा विषय होता आई-बापांचं दुर्लक्ष आणि पोरांचा कंटाळा. चार महिने दोघं ह्या विषयात इतकी बुडाली होती, की घरातली पोरगी दिवसभर काय करते हे बघायला त्यांना फुरसतच मिळाली नव्हती. ठरलेल्या बालनटीला आज सकाळी कांजिण्या आल्या, तेव्हा आईला आठवलं की आपल्यालाही एक पोरगी आहे. हाका मारमारून शोधल्यावर ती जेवणाच्या टेबलाखाली सापडली. चमच्यांची शाळा भरवून बसली होती.

प्रसंग अगदी सोपा होता. मुलीने खिडकीच्या कट्ट्यावर बसायचं आणि काहीही करायचं नाही. एरवी हे ती रोज करायची, कुणी न सांगता. आज काही केल्या जमेना. कारण टेक चुकला, की आई कंगवा घेऊन धावत यायची, कपाळावरची बट सारखी करायची, गालावरून हात फिरवायची. बाबा समोर गुडघे टेकून म्हणायचे, “पिल्लू, काय चाललंय तुझ्या मनात? सांग मला.” मग ती सांगायची. शाळेतलं सांगायची, मैत्रिणीशी झालेली कट्टी सांगायची, हलणारा दात हलवून दाखवायची. बाबा घड्याळाकडे बघत ऐकायचे, पण ऐकायचे.

“टेक अकरा!”

पोरीने तोंड पाडलं, मनात तीन मोजले आणि खुदकन हसली.

“मुद्दाम करतेय की काय ही?” कॅमेरावाला पुटपुटला.

ह्याचं उत्तर फक्त आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला ठाऊक होतं. त्याला सगळे कानसेन म्हणत. पोरीच्या कॉलरला त्याने मटाराच्या दाण्याएवढा माइक लावला होता, आणि दर टेकच्या आधी त्याच्या हेडफोनमध्ये कुजबूज यायची. “आता पाय हलवून चुकायचं. मग शिंकून.” कानसेनला आधी हसू आलं होतं. सातव्या टेकपासून ते येईनासं झालं.

पंधराव्या टेकला ऊन खिडकीवरून सरकायला लागलं आणि आई-बाबांचा धीर सुटला. बाबा म्हणाले, पोरीला डावीकडे बसवू. आई म्हणाली, मी उजवीकडे लिहिलंय.

“तुला मुलांचं मन काय कळतंय?” बाबा म्हणाले.

“आणि तुला? चार महिने मी त्यावर अभ्यास केलाय!”

हातवारे करत दोघं पार स्वयंपाकघरात पोचली. पोरगी आधी त्या दिशेने बघत राहिली. मग तिने बघायचं सोडून दिलं. काचेवर वाफ सोडली, बोटाने रेघ ओढली, पुसली. बट डोळ्यावर आली, ती तशीच राहू दिली.

कॅमेरावाला मुरलेला गडी होता. त्याने कॅमेरा बंदच केला नव्हता.

“मिळालं,” दहा मिनिटांनी तो म्हणाला.

आई-बाबा धावत आले आणि दोघांनी मॉनिटरमध्ये डोकी खुपसली.

“काय एकटेपणा आहे!” बाबा हळहळले.

“बघवत नाही रे.” आईने डोळे टिपले. “असे कसे असतात आई-बाप!”

“मी बघू?” पोरगी मागून म्हणाली.

“थांब गं, मध्ये मध्ये करू नकोस. महत्त्वाचं चाललंय.”

“आवाजात तुमचं भांडण आलंय,” कानसेन म्हणाला.

“मग तर सोन्याहून पिवळं! आई-बापांच्या आवाजासाठी वेगळे नट शोधायला नकोत.” बाबांनी टाळी वाजवली. “चला, आवरा!”

पोरगी कट्ट्यावरून खाली उतरली. हेडफोनमध्ये बारीक आवाज आला. “संपलं वाटतं. मी तर अजून खोकून चुकणार होते.”

कानसेनने ती कुजबूज परत वाजवली आणि हेडफोन काढून कॅमेरावाल्याच्या कानाला लावला. कॅमेरावाल्याने ऐकलं, पोरीकडे बघितलं आणि उगाचच लेन्स पुसायला घेतली. कानसेनने वीस वर्षांत कुणाचं काम बिघडवलं नव्हतं. त्याने रेकॉर्डरवरचं एक बटण दाबलं.

“माफ करा साहेब. सगळा आवाज पुसला गेला.”

“फोकसही जरा हललाय,” कॅमेरावाला म्हणाला. “इथे कळत नाही, मोठ्या पडद्यावर दिसेल. परतच घ्यावं लागेल.”

बाबांनी दात-ओठ खाल्ले. आई कंगवा शोधायला पळाली. पोरीला पुन्हा कट्ट्यावर बसवलं गेलं, बट सारखी झाली, गालावरून हात फिरला. बाबा गुडघे टेकून समोर बसले.

“पिल्लू, आता शेवटचं हं. नीट कर.”

“आणि चुकलं तर?”

“तर परत. जमेपर्यंत परत.”

पोरीने मांडी घातली, खोकून घसा साफ केला आणि कॅमेऱ्याकडे बघून होते नव्हते तेवढे सगळे दात दाखवले.