पोर्ट्रेट मोड

लेकीने घरी आणलेल्या मित्राने आमचा फोटो काढला. सोफ्यावरच्या मायलेकी लख्ख आल्या. त्यांच्यामागे उभा मी मात्र धुक्यातल्या खांबासारखा. "काका, पोर्ट्रेट मोड होता. मागचं सगळं धूसर करतो," पोरगा ओशाळला. "फोनला बोल लावू नकोस," बायको म्हणाली, "हे मुळातच तसे. तुम्ही दोघांनी लग्नाचं विचारून महिना झाला, 'बघू'पलीकडे एक स्पष्ट शब्द नाही!" लेक मान खाली घालून नेलपॉलिश खरवडत बसली. मी फोन हातात घेतला. यंत्रांशी माझं उत्तम जमतं. ती मला घाबरतात. पोर्ट्रेट बंद केलं, उजेड वाढवला, चौकट रुंद केली. लेकीशेजारची जागा रिकामीच दिसत होती. "जावईबापू," मी म्हणालो, "असे बाहेर काय उभे? चौकटीत या की!" बटण दाबलं. फोटोत तिघंही धूसर आली. माझं सेटिंग अचूक होतं, माणसंच हलली.