बारा कोंबड्यांचं खाद्य

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी काटेवाल्याने परसात बारा कोंबड्या पाळल्या.

धान्याच्या गोदामात तो सव्वीस वर्षं वजनकाट्यावर बसत होता. घरी आला तरी काटा काही सुटत नव्हता. साबण, कणीक, सरपण, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. जेवणाचंही त्याने माप ठरवून दिलं होतं. उभ्याने काम करणाऱ्याला एका वेळी पाचशे ग्रॅम, बसून असणाऱ्याला दोनशे. घरात बसून अशी त्याची म्हातारी आईच होती. एकदा तिने रिकामं ताट पुढे केलं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आई, भूक खोटं बोलते. काटा बोलत नाही."

कोंबड्यांचं माप त्याने खाद्यवाल्याला विचारून घेतलं. एका कोंबडीला दिवसाला एकशेवीस ग्रॅम भरडा. बारा जणींना एक किलो चारशे चाळीस. आठवड्याला दहा किलो आणि वर चिमूटभर. खडूने खुराड्याच्या दारावर त्याने हे लिहून ठेवलं.

खाद्यवाल्याची गाडी महिन्यातून एकदाच यायची. पंचेचाळीस किलोचं पोतं तोवर पुरायला हवं होतं.

"नाही पुरलं तर एकेक कापीन हं, आत्ताच सांगते," बायको म्हणाली. "माणसांच्या तोंडचं काढून कोंबड्यांना घालायची नाही मी."

पोतं मागच्या खोलीत, आईच्या खाटेशेजारी ठेवलं. घरात कोरडी जागा तेवढीच. रोज सकाळी तो भरडा मोजून डब्यात काढायचा आणि आई तो परसात टाकायची. एका लंगड्या कोंबडीवर तिचा विशेष जीव होता. तिला ती वेगळं बोलावून घालायची.

पहिल्या रविवारी त्याने पोतं काट्याला लावलं. दहा किलो कमी व्हायला हवे होते. बारा किलो दोनशे कमी झाले होते.

"रोजचे तीनशे ग्रॅम जातात कुठे?" त्याने आईला विचारलं. "तू वरून आणखी घालतेस का त्यांना?"

"नाही रे. उंदीर असेल."

"मग लक्ष ठेव पोत्यावर. दिवसभर इथेच तर असतेस."

"ठेवते," आई म्हणाली.

त्याने दोन सापळे लावले. आठ दिवसांत एक पाल सापडली. कुंपणापलीकडून शेजारचा शिंपी हे सगळं बघत होता.

"काय काटेवाले, चोर मिळाला का?"

"मिळेल. जातो कुठे?"

"कुंपणच शेत खात नसेल ना? बघा बुवा, तुम्हीच झोपेत चरत असाल!"

"तुम्ही आधी तुमची कात्री सांभाळा. लोकांच्या कापडातलं वीतभर रोज कोण खातं, ते मी विचारलं का कधी?"

शिंपी खो खो हसला. काटेवाला हसला नाही. दुसऱ्या रविवारीही तूट तेवढीच भरली.

अंडी कमी झालेल्या दोन कोंबड्या बायकोने हेरून ठेवल्या होत्या. "ह्याच अधाशी आहेत. खातात चौघींचं, देतात काही नाही."

"जाऊ दे गं," आई मध्ये बोलली. "खाऊ दे त्यांना. मुका जीव."

त्या दिवशी दोन्ही कापल्या. आई जेवायला उठलीच नाही. दात नाहीत म्हणाली. नेहमीसारखं दुपारी मगभर गरम पाणी तेवढं मागून घेतलं. घसा शेकायला तिला ते रोज लागायचं.

आता दहा कोंबड्या. आठवड्याला आठ किलो चारशे. रविवारी पोतं पुन्हा काट्यावर चढलं. साडेदहा किलो गेले होते.

काटेवाला बराच वेळ खुराड्याच्या दारासमोर उभा राहिला. कोंबड्या कमी झाल्या होत्या, तूट कमी झाली नव्हती. म्हणजे खाणारं खुराड्याच्या बाहेरचं होतं.

"पुढच्या रविवारी लंगडी," बायको म्हणाली.

"थांब," तो म्हणाला.

गुरुवारी त्याने गोदामातून जुनं लोखंडी पिंप आणलं, त्याला कडी बसवून घेतली. सगळा भरडा त्यात ओतला आणि कुलूप लावलं.

आई खाटेवरून बघत होती. "किल्ली माझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. "सकाळी मीच तर घालते त्यांना."

"तू कशाला तसदी घेतेस? आता मीच घालत जाईन. बस निवांत."

"लंगडीला कापणार नाहीस ना?"

"माप जुळलं तर कशाला कापू?"

पुढच्या आठवड्याचं माप जुळलं. आठ किलो चारशे. त्याच्या पुढच्याही. त्याने शिंप्याला मुद्दाम कुंपणापाशी बोलावून दारावरचे आकडे दाखवले. लंगडी वाचली. घरात एवढी एकच गोष्ट मनासारखी झाली, असं त्याला वाटलं.

आईने गरम पाणी मागणं बंद केलं.

"घसा बरा झालेला दिसतोय त्यांचा," बायको म्हणाली.

मग आई परसात येईनाशी झाली. मग उठून बसेनाशी झाली. डॉक्टर येऊन गेले. वय झालं, असं सगळेच म्हणाले.

तिला नेल्यावर बायकोने खाटेवरची गादी उन्हात टाकायला उचलली. खाली तिचा गरम पाण्याचा मोठा ॲल्युमिनियमचा मग होता आणि एक चमचा. मगाच्या तळाला भिजून वाळलेला भरडा पिवळा होऊन चिकटला होता. काटेवाल्याने मग हातात घेतला. काठोकाठ भरला तर त्यात किती बसतं, हे सांगायला त्याला काटा लागला नाही. तीनशे ग्रॅम.

आई बुधवारी सकाळी गेली, पिंपाला कुलूप लागल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी.