उलटा गुलमोहर

"पण बाई, तुमच्या पुस्तकात झाड सरळ दिसतंय," सातवीतली शाहीन मुजावर म्हणाली आणि बुटांच्या खोक्याला भोक पाडून केलेला कॅमेरा तिनं टेबलावर ठेवला.

मंदाकिनी रिसबूड विट्याच्या एका शाळेत आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांविषयी मुलांशी गप्पा मारायला आल्या होत्या. त्यांनी खोक्याचं भोक खिडकीकडे धरलं. मागच्या तेल लावलेल्या कागदावर बाहेरचा गुलमोहर उमटला, शेंडा खाली आणि बुंधा वर. तो तसाच दिसायला हवा होता. पुस्तकातलं चित्र चुकलं होतं, आणि छापण्यापूर्वी ते त्यांनीच तपासलं होतं.

"मी तीनदा नवा केला," शाहीन म्हणाली. "तरी उलटंच येतं. म्हणून सरांनी प्रदर्शनात घेतला नाही."

दाराशी उभे असलेले सर हळूच म्हणाले, "पुस्तकाप्रमाणे नव्हता."

"तुझा कॅमेरा बरोबर आहे. पुस्तक चुकलंय, आणि ती चूक माझी आहे," बाई सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. चाळीस मुलांच्या माना एकदम खोक्याकडे वळल्या. पुस्तकही चुकतं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

शाहीन हसली नाही. तिनं पुस्तकाची पानं उलटून पाहिली. "मग यातले बाकीचे प्रयोग तरी बरोबर आहेत ना?"

बाईंच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि पर्समधलं पेन तिच्या हातात दिलं.

"करून बघ. जो चुकेल त्याच्यावर फुली मार."