पायाळू

सन चौपन्नच्या चैत्रात, अनसिंगच्या शिवारात गव्हाची मळणी ऐन भरात असता आभाळ काळवंडले आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. खळ्यावरची सारी माणसे एका खोपीत जीव मुठीत धरून बसली. समोरच्या बाभळीवर वीज कडाडून पडली, तेव्हा म्हातारे उकंडराव ओरडले, “कोनी पायाळू असन तं बाहीर निंगा! एकापायी साऱ्याइचा जीव जाईन!”

जन्मताना जो आधी पायांनी येतो, त्याच्यावर वीज झेपावते, ही सर्वांचीच श्रद्धा, गरोदर पंचफुलाचीही. ती स्वतः पायाळू होती, आणि चारचौघांत हे कधी उघड करू नकोस, अशी शपथ आईने तिला घातली होती. पोटावर हात धरून ती उठू लागली, तोच तिची सासू रंगूबाई ताडकन उभी राहिली.

“मी हावो पायाळू. जातो मी.”

“इतक्या सालात बोलली नाई व, रंगू?” उकंडरावांनी विचारले.

“तुमी इचारलं कधी?”

गारांत पाऊल टाकण्यापूर्वी ती सुनेच्या कानाशी वाकली.


“गुमान बस, पोरी. तुह्या वक्ती तुह्या मायचं बाळंतपन म्याच केलं होतं.”