राणीचं पत्र

तिसऱ्या अंकात राणीचं पत्र येई, आणि मानी राजा ते न वाचताच फाडून, तुकडे मुठीत घेऊन आत जाई. उघडलं असतं तर दोघंही जगली असती, पण मग शोकांतिका कसली. दर प्रयोगाला नवं पत्र लागे. ते लिहायचं काम कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंकडे होतं. कोणी वाचणारच नाही म्हटल्यावर बाई त्यात मनातलं लिहू लागल्या. गुडघेदुखी, शेजारणीचा तोरा, राजाचं काम काल किती रंगलं ते. शेवटच्या प्रयोगाला त्यांनी धीर करून लिहिलं, "माझ्याशी लग्न कराल?" राजानं तेही फाडलं. बाईंना हायसं वाटलं, आणि वाईटही.

पडदा पडल्यावर त्या मुकुट मागायला रंगपटात गेल्या. राजेसाहेब चष्मा लावून पत्राचे तुकडे जुळवत बसले होते.

"अहो, हे काय करताय?" बाईंचा चेहरा लालेलाल झाला.

"न वाचता फाडणं हा राजाचा स्वभाव, माझा नाही. आधीची सत्तर घरी चिकटवून ठेवलीत."

त्यांनी शेवटचा तुकडा बसवला, वाचलं, आणि मुकुट काढून बाईंच्या हाती दिला.

"करू की. पण यापुढं काही सांगायचं असेल तर घरीच सांगत जा. रंगमंचावर दिलंत की मला फाडावंच लागतं."